दुरून ओळख, जवळून साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांकडे मी तीन वर्षे भूशास्त्र शिकले. त्यांचे नाव तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून आज मी त्यांना नुसते 'सर' म्हणेन. वर्गात आम्ही तसेच म्हणायचो.

१९८३ च्या फेब्रुवारीत आमची सहल कासच्या पठारावर गेली होती. गवत वाळून गेले होते आणि जांभ्याचा उघडा कातळ पायाखाली तापला होता. पठाराच्या कडेला, जांभ्याच्या थराखाली, एक पांढरट, पिठूळ पट्टा दिसत होता. सरांनी हातोडीने त्याचा एक तुकडा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "जीभ लावून बघ." मी जरा बिचकतच जीभ लावली. खडा जिभेला असा चिकटला की ओढून काढावा लागला. "चिकटतोय ना? केओलिन आहे. काळा कातळ कुजत कुजत गेला की त्यातून अशी माती उरते. आता चिठ्ठी लिही. तारीख, जागा, रंग." चिठ्ठी मी लिहिली. तिच्या शेवटी 'चिकटतो' हा शब्द सरांनी स्वतः पेन्सिलीने लिहिला. तो खडा आणि ती चिठ्ठी आज इथे, या टेबलावर आहेत.

बावीस वर्षांनी, २००५ साली, मी हाच खडा वर्णपटमापकाच्या दिव्याखाली ठेवला. पडद्यावर एक रेघ उमटू लागली. कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश दगडाने किती परत पाठवला, याचा तो आलेख होता. सरळ चाललेली रेघ २.२ मायक्रॉनच्या आसपास एकदम खाली उतरली आणि तिथे एक खाच पडली. खाचेला दोन टोके होती. एक २.१६ वर उथळ, दुसरे २.२१ वर खोल. केओलिनची ही खूण जगाच्या पाठीवर कुठेही गेलात तरी अशीच असते. कासच्या कड्यावर जिभेने सांगितले होते, तेच आता प्रकाशाने सांगितले.

आपण म्हणतो, दुरून डोंगर साजरे. आजचा माझा प्रश्न वेगळा आहे. दुरून डोंगर खरे कळतात का? शेकडो किलोमीटरांवरून फिरणाऱ्या उपग्रहाला खालचा दगड केओलिनचा की चुनखडीचा, हे सांगता येते का? उत्तर आहे, येते. पण ती ओळख कशाच्या आधारावर उभी असते, हे मला आज सांगायचे आहे. दुरून पटवलेल्या प्रत्येक ओळखीमागे कोणीतरी हातात घेतलेला, फोडलेला आणि चिठ्ठी लावून ठेवलेला दगड असतो.

ज्या प्रकाशाने ही ओळख पटते, त्याची पहिली भेट झाली १८०० साली, इंग्लंडमध्ये. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल सूर्याचे निरीक्षण करण्यासाठी रंगीत काचा वापरत. कोणत्या रंगाच्या काचेतून उष्णता जास्त येते, याचा त्यांना उलगडा हवा होता. त्यांनी लोलकातून ऊन पाडून त्याचे रंग टेबलावर पसरवले आणि एकेका रंगात, फुगा काळा केलेला तापमापक ठेवला. जांभळ्यापासून तांबड्याकडे जाताना तापमान वाढत गेले. मग त्यांनी तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे ठेवला. पारा तिथे सगळ्यांत जास्त चढला. डोळ्यांना अंधार वाटत होता त्या जागी प्रकाश होता. त्यालाच आपण अवरक्त किरण किंवा इन्फ्रारेड म्हणतो.

तांबड्या रंगाची हद्द सुमारे ०.७ मायक्रॉनला संपते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यापुढे सुरू होतो तो अवरक्त प्रदेश. दगड ओळखण्यासाठी त्यातले दोन भाग कामाचे आहेत. पहिला सुमारे अडीच मायक्रॉनपर्यंतचा. तिथे दगडावर पडून परत फिरलेले ऊन आपण पाहतो. दुसरा आठ ते चौदा मायक्रॉनचा. तिथे दगड स्वतःच्या उष्णतेने जो प्रकाश बाहेर टाकतो, तो आपण पाहतो.

पहिल्या भागात दगड प्रकाश का खातो, हे समजून घेऊ. खनिजातले अणू एकमेकांना जणू स्प्रिंगांनी बांधलेले असतात आणि ते सतत थरथरत असतात. प्रत्येक थरथरीची स्वतःची गती असते. त्या गतीशी जुळणारा प्रकाश आला की खनिज तो शोषून घेते. केओलिनमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी असते, तिला हायड्रॉक्सिल म्हणतात, आणि ती ॲल्युमिनियमला टेकलेली असते. ही जोडी ताणली जाते तेव्हाची थरथर एका सेंटिमीटरमध्ये ३,६२० लाटा बसतील एवढी असते. ती ॲल्युमिनियमसह वाकते तेव्हाची असते ९१५. दोन्ही थरथरी एकदम सुरू झाल्या की बेरीज होते ४,५३५. एका सेंटिमीटरमध्ये १०,००० मायक्रॉन असतात. १०,००० ला ४,५३५ ने भागा, उत्तर येते २.२०५. माझ्या खड्याच्या आलेखात खोल खाच जिथे पडली होती, ती हीच जागा. केओलिनमध्ये हायड्रॉक्सिलच्या काही जोड्या जरा वेगळ्या जागी बसलेल्या असतात. त्यांची बेरीज थोडी जास्त येते, म्हणून बाजूला २.१६ वर दुसरी, उथळ खाच पडते. हे गणित मी पहिल्यांदा मांडले त्या रात्री मला झोप आली नाही. दगडाच्या आत काय चालले आहे, ते कागदावर बेरजेने सापडत होते.

आता हायड्रॉक्सिलचा शेजारी बदला. ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम आले की खाच २.३ च्या पुढे सरकते. संगजिऱ्यात ती तिथेच असते. बॉक्साइटमधल्या गिब्साइटची खाच २.२७ च्या जवळ पडते. म्हणजे जांभ्याच्या पठारावर केओलिन कुठे संपते आणि बॉक्साइट कुठे सुरू होते, याचा निवाडा या शंभराव्या भागांच्या फरकावर होऊ शकतो. कोल्हापूरकडच्या पठारांवर बॉक्साइट आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

जांभ्याला जो रंग आहे तो लोखंडाचा. लाल भागात गेरू, म्हणजे हेमॅटाइट. पिवळट-तपकिरी भागात गोएथाइट, ज्याला आपल्याकडे पिवळी काव म्हणतात. लोखंडाच्या अणूतले इलेक्ट्रॉन एका पायरीवरून दुसरीवर उडी मारताना प्रकाश खातात. हेमॅटाइटची ती खाच ०.८६ च्या आसपास असते, गोएथाइटची जरा पुढे, ०.९ च्या पलीकडे. जांभ्याचा चिरा हातात घेऊन नीट पाहा. लाल, पिवळा, पांढरट असे डाग एकमेकांत मिसळलेले दिसतील. तुमच्या घराच्या कुंपणाच्या चिऱ्यात हे सगळे आलेख एकावर एक बसलेले आहेत.

दुसरा भाग उष्णतेचा. चुलीवरचा तवा लाल दिसत नसला तरी हात जवळ नेला की त्याची धग लागते. ती धग म्हणजे अवरक्त प्रकाशच. दगडही तसाच, सौम्यपणे, दिवसरात्र प्रकाश टाकत असतो. आपल्या हवेच्या तापमानाला, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसला, हा प्रकाश ९.७ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरात असतो. आणि सिलिकॉन-ऑक्सिजनची जी जोडी जवळपास सगळ्या खडकांच्या हाडांत असते, तिची थरथर नेमकी आठ ते बारा मायक्रॉनच्या दरम्यान येते. गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्‌झमध्ये, उत्सर्जनाची खाच साडेआठ-नऊच्या आसपास पडते. सिलिका कमी होत जाईल तशी खाच उजवीकडे सरकते. आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ती दहाच्या आसपास जाते, ऑलिव्हिन या खनिजात त्याच्याही पुढे. नुसत्या खाचेच्या जागेवरून खडक ग्रॅनाइटच्या घराण्यातला की बेसाल्टच्या, हे सांगता येते. यासाठी सूर्यप्रकाशही लागत नाही.

मध्ये हवा आहे, आणि ती सगळ्या तरंगांना वाट देत नाही. हवेतली वाफ १.४ आणि १.९ मायक्रॉनपाशी दार लावून घेते. हायड्रॉक्सिलची एक खूण १.४ लाही असते, पण उपग्रहाला ती मिळत नाही. २.२ चे दार मात्र उघडे असते, म्हणून भूशास्त्रज्ञांचा जीव त्या खिडकीत गुंतला आहे. लँडसॅट मालिकेतल्या पहिल्या उपग्रहांना १.१ मायक्रॉनच्या पुढचे दिसत नव्हते. १९८२ च्या लँडसॅट-४ वर भूशास्त्रज्ञांच्या मागणीवरून २.०८ ते २.३५ मायक्रॉनचा एक पट्टा जोडला गेला, तो याच खिडकीसाठी.

आता मूळ मुद्द्याकडे येते. २.२ ची खाच केओलिनची, हे उपग्रहाला कोणी शिकवले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विल्यम कोब्लेंट्झ यांनी शेकडो पदार्थांचे अवरक्त वर्णपट एकेक करून हाताने मोजले. त्यांत खनिजेही होती. १९०५ पासून ते छापून येऊ लागले. संगणक तर नव्हतेच, प्रत्येक बिंदू डोळ्यांनी वाचून नोंदवावा लागे. पुढे १९७० पासून ग्रॅहॅम हंट आणि जॉन सॉल्सबरी यांनी खनिजांचे आणि खडकांचे वर्णपट पद्धतशीर मोजून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. नमुना फोडायचा, दळायचा, चाळणीने बारीक-जाड भाग वेगळे करायचे आणि प्रत्येक भाग स्वतंत्र मोजायचा, कारण दाणा बारीक झाला की खाचेची खोली बदलते. प्रत्येक आलेखाबरोबर तो दगड कुठला, हेही लिहायचे. सरांच्या चिठ्ठीसारखेच. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, पण नंतरच्या सगळ्या उपग्रहांनी त्याच्यावरच डोळे उघडले.

१९८१ च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबिया शटलच्या दुसऱ्या उड्डाणात अलेक्झांडर गेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक छोटे यंत्र गेले होते. त्याला प्रकाशाचे दहाच पट्टे दिसत. इजिप्तच्या वाळवंटावरून जाताना त्या यंत्राने खाली केओलिन आणि कार्बोनेट ओळखले. कक्षेतून खनिज नावानिशी ओळखण्याची ती सुरुवात होती. पुढे विमानातून शेकडो पट्ट्यांत चित्र घेणारी यंत्रे आली. त्यांच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा पूर्ण आलेख असतो. नेवाडातल्या क्युप्राइट नावाच्या ओसाड माळावर अशा यंत्राला २.१२ मायक्रॉनपाशी एक खाच दिसली. ती निघाली बडिंग्टोनाइटची, म्हणजे अमोनियम असलेल्या फेल्स्पारची. ते खनिज तिथे आहे, हे तोवर कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण नुसत्या डोळ्यांना ते साध्या मातकट दगडासारखे दिसते. ही ओळख पटायलाही प्रयोगशाळेत हातातल्या दगडाचा आलेख मोजावाच लागला.

मंगळाची गोष्ट याहून मोठी आहे. १९९७ पासून मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ग्लोबल सर्व्हेयरवर फिलिप ख्रिस्तेन्सेन यांचे उष्णतेचा वर्णपट घेणारे यंत्र होते. विषुववृत्ताजवळच्या मेरिडियानी या सपाट प्रदेशात त्याला करड्या, स्फटिकी हेमॅटाइटची खूण सापडली. गेरू म्हणजे लाल भुकटी, पण हेमॅटाइटचे दाणे मोठे झाले की ते करडे, चकचकीत दिसते. असे हेमॅटाइट बहुतेक वेळा पाण्याच्या संगतीत तयार होते. म्हणून ऑपॉर्च्युनिटी ही गाडी तिथेच उतरवायचे ठरले. २५ जानेवारी २००४ ला ती जेमतेम वीस-बावीस मीटर रुंदीच्या एका विवरात उतरली. समोर कातळ होता आणि जमिनीवर काही मिलिमीटरचे गोल खडे विखुरले होते. त्या खड्यांतच ते हेमॅटाइट होते. कक्षेतल्या यंत्राचा एकेक ठिपका तीन किलोमीटरचा. त्या ठिपक्याने जे सांगितले, ते वाटाण्यापेक्षाही लहान खड्यांनी खरे केले. तरीही खडे गोल आहेत, ते खडकाच्या आत तयार होऊन झिजेने मोकळे झाले आहेत, हे सांगायला तिथे जावेच लागले.

आपल्या चांद्रयान-१ नेही हाच धडा दिला. २२ ऑक्टोबर २००८ ला ते झेपावले, तेव्हा त्यावर नासाचे 'मून मिनरॉलॉजी मॅपर' हे यंत्र होते. त्याच्या प्रमुख कार्ल पीटर्स. या यंत्राला चंद्रावर, विशेषतः ध्रुवांकडे, २.८ ते ३ मायक्रॉनच्या दरम्यान प्रकाश शोषला जाताना दिसला. ही खूण हायड्रॉक्सिलची किंवा पाण्याची. अपोलोचे दगड तपासल्यापासून चंद्र कोरडा ठणठणीत आहे, असे जग धरून चालले होते. म्हणून शास्त्रज्ञांनी आधी स्वतःच्या यंत्रावर शंका घेतली. कॅसिनी यान १९९९ मध्ये चंद्राजवळून जाताना घेतलेली मोजमापे काढली गेली, डीप इम्पॅक्ट यानाने चंद्राकडे पाहून घेतलेली ताजी मोजमापे पाहिली गेली. तिघांची साक्ष जुळली, तेव्हा सप्टेंबर २००९ मध्ये हे जाहीर झाले. चांद्रयानाशी संपर्क त्याआधीच, ऑगस्टच्या शेवटी, तुटला होता. त्या यंत्राची नजर ३ मायक्रॉनला संपत होती आणि पाण्याची खाच तर तिथेच खोल होते. म्हणून २०१९ च्या चांद्रयान-२ वर ०.८ ते ५ मायक्रॉनपर्यंत पाहणारे आपले भारतीय यंत्र बसवले गेले. अर्धी दिसलेली खूण पूर्ण पाहण्याची ही धडपड मला फार मोलाची वाटते.

भारतात अवरक्त प्रकाशाने दूरसंवेदनाची सुरुवात दगडांपासून झाली नाही. ती नारळापासून झाली. १९७० च्या सुमारास केरळात माडांना मुळांचा रोग पडला होता. प्रा. पी. आर. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो घेतले. डोळ्यांना झाड ठीक दिसत असतानाही आजारी माड फिल्मवर वेगळे उमटले. हे पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. त्यांच्या फोटोंनाही माडाच्या मुळाशी जाऊन पडताळणी करावी लागली होती.

आज आपल्याकडे साधने आहेत. २०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासा यांनी मिळून भारतातल्या अनेक जागांवर विमानातून चारशेहून जास्त पट्ट्यांत मोजमापे घेतली. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपला हायसिस उपग्रह कक्षेत गेला. आणि आपल्या पायाखाली जे आहे ते जगाला हवे आहे. लोणारचे विवर बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेले आहे. मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बेसाल्टचा आणि विवरांनी भरलेला. म्हणून शॉन राइट, ख्रिस्तेन्सेन आणि सहकाऱ्यांनी लोणारचे आघाताने बदललेले दगड ॲरिझोनात नेऊन त्यांचे उष्णतेचे वर्णपट मोजले. आघाताच्या दाबाने फेल्स्पारची काच होते, तेव्हा त्याच्या खाचा कशा पसरट आणि फिक्या होतात, हे त्यांनी २०११ मध्ये मांडले. मंगळाचे आलेख वाचताना आज तो अभ्यास हाताशी घेतला जातो. दख्खनच्याच खडकांत, कच्छमधल्या मातानोमढ इथे, जॅरोसाइट हे खनिज सापडते. ऑपॉर्च्युनिटीला ते मंगळावर सापडले होते. २०१६ मध्ये भारतीय अभ्यासकांनी मातानोमढचा वर्णपट याच तुलनेसाठी मांडला. बुलढाण्याचा आणि कच्छचा दगड अशी मंगळाची साक्ष देतो आहे.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण तिने मला सरांचा धडा दुसऱ्यांदा शिकवला. २००६ च्या मार्चमध्ये मी माण तालुक्याच्या एका भागाचा नकाशा करत होते. उपग्रहावरच्या ॲस्टर या जपानी यंत्राची चित्रे हाताशी होती. ओढ्यांच्या काठची चुनखडी, म्हणजे आपल्या मातीतला कंकर, कुठे कुठे आहे ते भूजलाच्या कामासाठी हवे होते. चुनखडीची खाच २.३४ च्या आसपास असते आणि ॲस्टरचा एक पट्टा २.३३ वर आहे. गणित मांडले आणि नकाशावर चुनखडीला निळा रंग दिला. निळे ठिपके ओढ्यांवर तर आलेच, पण टेकड्यांच्या उतारावरही मोठमोठे आले. मला आनंद झाला. उतारावर एवढी चुनखडी कोणी नोंदवली नव्हती.

दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी त्या उतारावर गेले. तिथे कापलेल्या गवताच्या गंजी रचलेल्या होत्या, आणि न कापलेले कुसळीचे गवत उन्हात पांढरे पडलेले. एक म्हातारे शेतकरी गंजीजवळ उभे होते. त्यांना विचारले, इथे चुनखडी कुठे आहे? ते म्हणाले, "चुनखडी तिकडं खाली वढ्याला, बाई. हितं दर साली गवातच असतंय." वाळक्या गवतातले सेल्युलोज आणि लिग्निन २.१ आणि २.३ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश खातात. ॲस्टरचे पट्टे इतके रुंद की २.३ ची गवताची खाच आणि २.३४ ची चुनखडीची खाच त्याला एकच वाटली. तापल्या उतारावर मी तासभर बसून राहिले. मग आम्ही गवत मोजले, खालच्या ओढ्यातली चुनखडी मोजली आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवले. गवताला २.१ ची खाच आहे, चुनखडीला नाही. चुनखडीची उष्णतेच्या भागात ११.३ च्या आसपास खूण आहे, गवताला नाही. पुढच्या नकाशात या दोन्ही कसोट्या लावल्या, आणि उतारावरचा निळा रंग गेला.

त्या दिवसापासून मी या विद्येच्या मर्यादा विद्यार्थ्यांना आधी सांगते आणि सामर्थ्य नंतर. हा प्रकाश दगडाच्या वरच्या, केसाच्या जाडीएवढ्या थराबद्दलच बोलतो. त्यावर शेवाळ असेल, धूळ असेल, गवत असेल, तर तो त्यांच्याबद्दल बोलतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे कित्येक आठवडे सह्याद्रीवर हिरवळच दिसते, दगड दिसत नाही. काही खनिजे काही भागांत गप्प असतात. क्वार्ट्‌झ अडीच मायक्रॉनपर्यंत काहीच सांगत नाही, उष्णतेच्या भागात मात्र मोकळेपणाने बोलते. भंडारा-नागपूरकडची काळी मँगनीज खनिजे बहुतेक प्रकाश गिळतात, त्यांच्या आलेखात वाचण्याजोगे फार थोडे असते. उपग्रहाच्या एका ठिपक्यात शेत, रस्ता, कातळ आणि झाड सगळेच असू शकते, आणि त्यांचे आलेख एकमेकांत कालवले जातात. त्यातून एकेक धागा सोडवायचा तर प्रत्येक धागा आधी सुटा पाहिलेला असावा लागतो.

म्हणून माझी आजची विनंती आहे. महाराष्ट्राच्या दगडांचे एक वर्णपट-भांडार उभे राहायला हवे. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये ॲस्टरच्या चित्रांवरून अख्ख्या खंडाचे खनिज-नकाशे करून लोकांसाठी खुले केले. त्यांच्यामागे तिथल्या मातीचे आणि खडकांचे वर्षानुवर्षे केलेले मोजमाप होते. आपल्याकडे काय नाही? दख्खनच्या थरांमधला लाल बोल आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा जांभा आहे. जळगाव-नाशिककडचे स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट आहेत. वाघोलीचे निळे कॅव्हॅन्साइट आहे. लोणारची काच आहे. यांतले पुष्कळसे नमुने महाविद्यालयांच्या कपाटांत, पुठ्ठ्याच्या खोक्यांत पडून आहेत. सरांसारख्या शिक्षकांनी आयुष्यभर गोळा केलेले, आणि अनेकांच्या चिठ्ठ्या आता वाळवीच्या तोंडी आलेल्या.

काम साधे आहे. कपाट उघडायचे. चिठ्ठी वाचता येते तोवर ती उतरवून घ्यायची. दगड पुसायचा, त्याची ताजी बाजू आणि उन्हापावसात झिजलेली बाजू, दोन्ही मोजायच्या, कारण उपग्रहाला झिजलेली बाजूच दिसते. आलेखाबरोबर जागा, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहायचे. एका महाविद्यालयाच्या एका वर्गाला हे दोन वर्षांत जमेल. हे भांडार झाले तर पुढच्या उपग्रहाचा माणच्या उतारावर गोंधळ होणार नाही, आणि झालाच तर तो पकडणारे कोणी इथेच असेल. आज वर्गात बसलेल्या मुलांना मला सांगायचे आहे की संगणकासमोर बसून मंगळाचा नकाशा करायचा असेल, तरी आधी पायात बूट घालून एका कड्यापर्यंत जा. तिथे जे हाताला लागेल ते नीट लिहून ठेवा.

सरांनी कधी वर्णपटमापक पाहिला नाही. त्यांच्याकडे हातोडी होती, भिंग होते, पातळ आम्लाची बाटली होती आणि जीभ होती. पण २००५ मध्ये पडद्यावर ती दोन टोकांची खाच उमटली, तेव्हा तिचा अर्थ मला लगेच कळला, कारण हा दगड काय आहे हे मला बावीस वर्षांपूर्वीच हातात ठेवून सांगितले गेले होते.

हा खडा मी आज सरांच्या महाविद्यालयाच्या संग्रहात परत देते आहे. त्याच्याबरोबर १९८३ ची चिठ्ठी आहे, आणि तिला मी २००५ चा आलेख जोडला आहे. चिठ्ठीवर सरांच्या अक्षरात 'चिकटतो' आहे. आलेखावर माझ्या अक्षरात '२.२१' आहे. कपाटात ही दोन्ही शेजारी राहू द्या, आणि त्यांच्याशेजारी पुढचा दगड ठेवायला कोणी तरी या.